न वाचलेल्यांची यादी

शाळेच्या वाचन कट्ट्यासाठी पुस्तकं निवडायची असतील तर पाळायचा पहिला नियम असा: निवडणाऱ्याने ती वाचलेली नसावीत. वाचलेला माणूस बैठक लांबवतो. त्याला आवडनिवड असते, एखाद्या प्रकरणाबद्दल शंका असते, क्वचित तो 'हे सातवीला नको, नववीला द्या' असंही म्हणतो. न वाचलेल्या माणसाचं मन कसं स्वच्छ! तो नाव वाचतो, किंमत वाचतो, मान डोलावतो. चहा गार व्हायच्या आत यादी तयार.

आमच्या टीचर्स रूममध्ये हा सोहळा दर जुलैत होतो. मी मराठी शिकवते म्हणून वाचनाचं खातं माझ्याकडे. (भूगोलाच्या सरांकडे सहल. त्यांना रस्ते माहीत असतात असा शाळेचा समज आहे आणि दरवर्षी तो खोटा ठरतो.) मोठे सर येतात, पर्यवेक्षक येतात, मागच्या वर्षीची यादी निघते. ती तरी मागच्या वर्षीची कुठली? साल तेवढं व्हाइटनर लावून बदललेलं असतं. व्हाइटनरचा थर आता इतका जाड झालाय की बोटाने चाचपूनसुद्धा यादीचं वय सांगता येईल.

यादीत पहिलं नाव 'श्यामची आई'. असायलाच हवं. मोठे सर म्हणतात, "हे पुस्तक डोळे झाकून द्यावं." तसंच ते दिलं जातं. मी दिवाळीच्या सुट्टीत ते पुन्हा वाचलं, डोळे उघडे ठेवून. साने गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात पोहायला घाबरणाऱ्या पोराला आई शिंपटीने झोडपत विहिरीवर पाठवते. त्यात श्याम चोरी करतो. त्यात वसुलीला आलेला माणूस त्या बाईला तिच्याच घरात नाही नाही ते ऐकवतो. कर्ज, अपमान, आजारपण, मरण, सगळं आहे. एका सत्याग्रह्याने गजाआड बसून लिहिलेलं हे धारदार पुस्तक आम्ही मातृदिनाच्या भेटकार्डासारखं वाटतो. उद्या लेखकाचं नाव झाकून तेच हस्तलिखित आमच्या समितीपुढे ठेवा. शेरा येईल: 'बालकास मारहाण, चोरीचे उदाहरण, वातावरण नकारात्मक. नामंजूर.'

मग मी मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'चं नाव काढलं. खोलीत अशी शांतता पसरली की बाहेर शिपाईमामांनी घंटा द्यायची थांबवली असावी. 2004 सालची कादंबरी. आणीबाणीतलं छोटं गाव, नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र, आणि वर्गातली एक मुलगी. "चांगलं आहे," मोठे सर म्हणाले, "पण नववीच्या मुलांना नको." नववीतल्या मुलाची गोष्ट नववीच्या मुलांना नको! कॉलेजात गेल्यावर वाचतील. म्हणजे भूक लागलेली असताना ताट झाकून ठेवायचं आणि ढेकर आल्यावर वाढायचं. बरं, तिच्यावरचा चित्रपट त्यांनी कधीच पाहिलाय. मोबाइलवर, पांघरुणात, दीडपट वेगाने. फक्त पुस्तक तेवढं त्यांच्यापासून सुरक्षित आहे.

पर्यवेक्षकांची हरकत जास्त तात्त्विक होती. "पालक काय म्हणतील?" पालक म्हणतातच. 'झोंबी'तला एक उतारा मी वर्गात वाचून दाखवला होता, त्यावर एका वडिलांचा निरोप आला होता की त्यात शिवी आहे. शिवी आहे खरी. आनंद यादवांचं ते आत्मकथन शाळेसाठी बापाशी झुंजणाऱ्या पोराचं आहे. बाप त्याला शाळेतून काढून रानात जुंपतो, आणि असा बाप 'अरे बाळा, असे करू नकोस हं' अशा भाषेत बोलत नसतो. निरोप पाठवणाऱ्या वडिलांची भाषा मी पालकसभेला पार्किंगच्या जागेवरून ऐकलेली आहे. यादवांच्या पुढे आहेत ते. पण छापलेली शिवी बाधते, तोंडची बाधत नाही. माझ्या वर्गात मात्र त्या दिवशी मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी मराठीच्या तासाला खिडकीबाहेरच राहायला असतो, तास संपल्यावर टेबलापाशी आला. "पुढं त्याला शाळेत घातलं का, बाई?" एवढंच विचारलं. त्याच्याकडे ऊसतोडणीच्या दिवसांत हजेरी म्हणजे चैन असते. पुस्तक त्याला दिलं. वडिलांचा निरोप फाइलला लावला.

आता खरेदीकडे वळू. तपासणीला आलेले साहेब कपाटापुढे उभे राहून एकच प्रश्न विचारतात: "किती?" किती मुलांनी वाचली, असं नव्हे, किती पुस्तकं. त्यामुळे विक्रेत्याच्या टेम्पोतून बत्तीस पानी थोर पुरुष गठ्ठ्याने उतरतात. शंभर थोर पुरुष म्हणजे नोंदवहीत शंभर पुस्तकं, आणि एक जाडजूड कादंबरी म्हणजे एकच. हिशेब कळायला गणिताचे सर लागत नाहीत. त्या सगळ्या चरित्रांत नायकाचा जन्म गरीब पण सुसंस्कृत घरात होतो, तो दिव्याखाली अभ्यास करतो, आणि एकविसाव्या पानावर देश बदलतो. नाव झाकलं तर कोणाचं चरित्र ते सांगता येणार नाही. चरित्र द्यायचं तर वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' द्या ना. 1981 पासून पोरं ते वाचतायत आणि भुईमुगाकडे वेगळ्या नजरेने बघतायत. पण ते एक दिलं की नोंदवहीत एकच भर पडते.

कपाटाची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला होते आणि पुस्तकांची दाखल नोंदवहीला. वापर पाहता उलट करायला हरकत नव्हती. कपाटाचं दार दिवसातून चारदा तरी उघडतं. आत खडूचे बॉक्स आहेत.

कायद्याचं म्हणाल तर तो आमच्यापेक्षा शहाणा निघाला. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेच्या ग्रंथालयात वर्तमानपत्रं, मासिकं, सगळ्या विषयांची पुस्तकं असावीत असं म्हटलंय आणि गोष्टीची पुस्तकंही असावीत असं वेगळं सांगितलंय. ज्याने कोणी तो मसुदा केला त्याला शाळा चांगल्याच ठाऊक असणार. गोष्टी वेगळ्या सांगितल्या नसत्या तर आम्ही सगळी कपाटं अपेक्षित प्रश्नसंचांनी भरली असती आणि 'सर्व विषय' पूर्ण केले असते.

आमच्या यादीत आणखी एक शिस्त आहे: जिवंत लेखकाला प्रवेश नाही. फार तर एखादा वयोवृद्ध चालतो, तोही सभ्य असेल तर. भा. रा. भागवत आहेत, ना. धों. ताम्हनकर आहेत, आणि हवेतच. फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवर बसला की अजूनही वर्ग पुढे सरकून बसतो, हे मी मोठ्याने वाचून पाहिलंय. पण बालसाहित्य तिथे थांबलं नाही. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार 2022 मध्ये संगीता बर्वे यांच्या 'पियूची वही'ला मिळाला, 2024 मध्ये भारत सासणे यांच्या 'समशेर आणि भूतबंगला'ला. माधुरी पुरंदरेंची पुस्तकं घराघरांत पोचली, शाळाशाळांत पोचायची आहेत. टीचर्स रूममध्ये ही नावं घेतली तेव्हा हिंदीच्या बाईंनी विचारलं, "हे कोणत्या इयत्तेच्या पाठ्यपुस्तकात आहेत?" पाठ्यपुस्तकात आले तरच लेखक आहेत, हा आमचा जन्मदाखला.

'तोत्तोचान' मात्र आहे यादीत. मुलांच्या. खरं तर ते मोठ्या सरांच्या टेबलावर हवं. तेत्सुको कुरोयानागी यांच्या या आठवणींत सुरुवातीलाच पहिलीतल्या पोरीला शाळेतून काढून टाकतात. ती आगगाडीच्या डब्यांत भरणाऱ्या दुसऱ्या शाळेत जाते आणि तिथले मुख्याध्यापक कोबायाशी तिची बडबड चार तास ऐकून घेतात. चार तास! आमच्याकडे असं कोणी केलं तर केंद्रप्रमुख त्याच दिवशी लेखी खुलासा मागतील आणि त्या चार तासांत कोणकोणती लिंक भरायची राहिली तेही विचारतील.

शिक्षक वाचत का नाहीत, हा प्रश्न इथे कोणीतरी विचारणारच. वाचतात हो. सकाळी उठल्यापासून वाचतात. ग्रुपवर आलेलं परिपत्रक, त्या परिपत्रकाचं शुद्धिपत्रक, शुद्धिपत्रकाबद्दलचा खुलासा, आणि 'आज सायंकाळी पाचपर्यंत माहिती भरावी' हे पाच वाजून दहा मिनिटांनी आलेलं वाङ्मय. मतदारयाद्या वाचतात, मुलांचे आधार क्रमांक वाचतात. यावर मी हसत नाही, मीही त्यातलीच. गंमत अशी की हे दुखणं नवं नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 1955 ची 'बनगरवाडी' यंदा उन्हाळ्यात परत काढली. औंध संस्थानातल्या धनगरवाडीवर आलेला कोवळा मास्तर त्यात शिकवताना फारसा सापडत नाही. तो लोकांची पत्रं लिहितो, पैसे सांभाळतो, भांडणं निस्तरतो, गावाला तालीम बांधायला लावतो. सगळी अशैक्षणिक कामं! फरक एवढाच, की त्याने ती कामं केली म्हणून वाडीने शाळेत पोरं पाठवली. आम्ही करतो ती कामं वर जातात आणि वरच राहतात. शेवटी दुष्काळ पडतो, वाडी ओस पडते, शाळेला पोरं उरत नाहीत. पटसंख्येअभावी शाळा बंद, हे माडगूळकरांनी परिपत्रकाविना लिहून ठेवलंय. आकाराने लहान पुस्तक आहे. नववीला द्यायला याहून चांगलं मला ठाऊक नाही. पण टीचर्स रूममध्ये ते आधी फिरवावं.

माझ्या उशाशी याखेरीज काय असतं, तेही सांगून टाकते. कृष्णात खोत यांचं 'रिंगाण', 2023 चं साहित्य अकादमीवालं. धरणाने उठवलेली माणसं आणि मागे जंगलात राहिलेली म्हैस. पुस्तक संपलं तरी ती म्हैस माझ्या डोक्यातून हलायला तयार नाही. आठवीला देणार का? नाही. आठवीची मुलं तिसऱ्या पानावर वही काढून मागे फुल्ली-गोळा खेळतील आणि त्यांचं बरोबर असेल. आपल्याला भिडलं म्हणजे पोरांच्या गळ्यात मारावं, ही न वाचलेल्यांच्या यादीइतकीच वाईट खोड. ती तरुण शिक्षकांना असते. आमच्याकडे नवे आलेले एक सर 'कोसला' आठवीला द्या म्हणून हटून बसले होते. नेमाड्यांनी ती पंचविशीत लिहिली, 1963 साली छापून आली, अजून तरुण आहे, सगळं कबूल. पण पांडुरंग सांगवीकर कळायला आधी वसतिगृहात राहून वडिलांचे पैसे उधळावे लागतात. ती सोय आठवीत नाही.

पालकांची मागणी वेगळ्याच गणिताने येते. 2025 च्या फेब्रुवारीत 'छावा' पडद्यावर आला आणि मार्चमध्ये शिवाजी सावंतांची कादंबरी घरोघरी. शोकेसमध्ये, ट्रॉफीशेजारी. वाचलंस का, म्हणून एकाला विचारलं तर म्हणाला, "बाई, आमच्याकडं आहे." हे उत्तर मला फार आवडलं. प्रामाणिक आहे. जाड पुस्तकांना मुलं भितात असं मात्र नाही. 'मृत्युंजय' दिवाळीच्या सुट्टीत संपवून आलेल्या मुली मी दर एक-दोन वर्षांनी बघते. कर्णावर अन्याय झाला म्हणून त्या जानेवारीपर्यंत रागात असतात आणि निबंध कोणत्याही विषयाचा असो, त्यात कर्ण आणतात. पण त्यांनी ते आजीच्या ट्रंकेतून काढलेलं असतं. शाळेच्या यादीतून घेऊन कोणी रागावल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

कट्ट्यावर खरोखर काय चालतं? रहस्य. सत्यजित राय यांचा फेलूदा अशोक जैन यांनी मराठीत आणलाय. त्यातलं एक पुस्तक मी ऐन गुंत्यात, घंटा झाली म्हणून मिटलं. मधल्या सुट्टीत ते टेबलावरून नाहीसं झालं. शाळेतल्या माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात आनंदाची चोरी. आता रहस्यकथा म्हटलं की पर्यवेक्षकांच्या कपाळाला आठी. "यातून बोध काय?" मी म्हटलं, सर, तुमच्या वडिलांच्या पिढीने बाबूराव अर्नाळकर भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचले. हजाराच्या वर पुस्तकं लिहिली त्या माणसाने. झुंजार आणि काळापहाड यांनी कोणाचं वाटोळं केल्याची नोंद नाही. त्यातले कितीतरी वाचक पुढे मुख्याध्यापक झाले. इथे मोठ्या सरांनी पहिल्यांदा हसून मान खाली घातली. म्हणजे घरी असणार एखादा झुंजार.

बोध! कट्ट्याचा सगळा घात या रकान्याने केलाय. पुस्तक वाचून झालं की एक छापील तक्ता भरायचा: पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, आवडलेला प्रसंग, मिळालेला बोध. मुलं हुशार असतात. ती मलपृष्ठ उतरवतात. 'हे पुस्तक मला खूप आवडले कारण ते अत्यंत वाचनीय आहे.' चाळीस तक्ते, चाळीस वेळा वाचनीय. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक हा स्वतः मास्तर. त्याने 1992 मध्ये वाचकाचे दहा हक्क लिहून काढले. न वाचण्याचा हक्क त्यात पहिला आहे, पानं गाळण्याचा आहे, पुस्तक अर्धं सोडण्याचाही आहे. आमच्या कट्ट्यात अर्धं सोडलेल्या पुस्तकाला तक्ता नाही. त्यामुळे कोणीच अर्धं सोडत नाही. सुरूच करत नाहीत.

15 ऑक्टोबरला अब्दुल कलामांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन येतो. 2015 पासून राज्यभर साजरा होतो, आमच्याकडेही होतो. मुलं मैदानात रांगेत बसतात, प्रत्येकाच्या हातात पुस्तक, समोर फोटोग्राफर म्हणजे आमचे संगणकाचे सर. "माना खाली! पुस्तकात बघा! हसायचं नाही!" मागच्या वर्षीच्या फोटोत दुसऱ्या रांगेतल्या पोराचं पुस्तक उलटं आहे. फोटो वर गेला, पोहोच आली, कोणी बोललं नाही. पुढच्या दहा मिनिटांत पुस्तकं गोळा करून कपाट बंद. खरा वाचणारा पोरगा तेव्हा रडकुंडीला आलेला असतो, कारण त्याच्या हातात नेमकं चांगलं पुस्तक आलेलं असतं.

या जुलैत मी एक साधी सुधारणा मांडली. यादीतल्या प्रत्येक पुस्तकापुढे एक रकाना वाढवायचा: 'हे पुस्तक गेल्या वर्षभरात पूर्ण वाचलेल्या शिक्षकाची सही.' बोध नको, अहवाल नको, फक्त सही. पुन्हा शांतता. ज्या टेबलावर शिपाईमामांनी पुढे केलेल्या कोणत्याही कागदावर न बघता सह्या होतात, तिथे पेनं खिशात गेली. इंग्रजीच्या बाई म्हणाल्या की लहानपणी वाचलेलं धरायचं का. भूगोलाचे सर म्हणाले, चित्रपट पाहिला असेल तर? मोठे सर बराच वेळ यादीकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी एका नावापुढे सही केली. 'माझ्या बापाची पेंड.' द. मा. मिरासदारांचं हे पुस्तक आपल्याकडे झोपताना असतं, असं त्यांनी सांगितलं. सगळ्या बैठकीत पुस्तकाबद्दल बोललेलं हे पहिलं वाक्य.

यादी आक्रसली. थोर पुरुषांचा गठ्ठा गेला, कारण त्यांच्यापुढे सही करायला कोणीच तयार नव्हतं. राहिली ती पुस्तकं एका हाताने उचलता येतील एवढी. 'श्यामची आई' राहिली, हिंदीच्या बाईंनी जबाबदारी घेतली आणि विहिरीचं प्रकरण वाचून त्या दुसऱ्या दिवशी जरा गप्पच होत्या. फेलूदा राहिला. 'बनगरवाडी' राहिली. 'शाळा' अजून लोंबकळत आहे. मोठे सर म्हणतात, आधी मी वाचतो. वाचू देत. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर मोफत ठेवलेत, ते संगणकाच्या सरांनी पडद्यावर लावायचं कबूल केलंय. 1971 पासूनचा खजिना आहे, आणि त्याला ना कोटेशन लागतं ना टेम्पो. संख्या कमी झाली म्हणून तपासणीत शेरा येणार, तो मी घेईन.

पुढच्या पालकसभेला तुम्ही गेलात, तर गुणांची चौकशी जरा बाजूला ठेवा. वर्गशिक्षकांना विचारा की ते स्वतः सध्या कोणतं पुस्तक वाचतायत. उत्तर आलं तर त्यांचा फार वेळ घेऊ नका, वाचू द्या. 'वेळच मिळत नाही हो' असं आलं, तर शाळेची वाचनाची यादी कोणी केली तेवढं विचारून या. आणि त्यांनी उलट तुम्हालाच तो प्रश्न विचारला, तर सांगण्यासारखं एखादं नाव खिशात ठेवा. शोकेसमधलं चालणार नाही.